कासच्या पठारावर, गुडघे टेकून

यवतेश्वरचा घाट चढताना आत्या तीनदा म्हणाली, "ऊन पडू दे गं बाई." सप्टेंबरातला बुधवार होता. गर्दी टाळायची म्हणून आम्ही मुद्दाम मधला वार धरून ऑनलाइन बुकिंग केलं होतं, पण गाडीच्या काचेपलीकडे नुसतं धुकं.

आत्या साताऱ्यात वाढली. कासच्या तलावाचं पाणी पिऊन मोठी झाली, पण तिच्या लहानपणी फुलं बघायला म्हणून वर कुणी जात नसे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा पेपरातला फोटो तिनं कापून ठेवला होता. तो फोटो बघतच मी मोठी झाले: क्षितिजापर्यंत जांभळा गालिचा.

गालिचा त्या सकाळी दिसलाच नाही. आणि आता वाटतं, धुकं होतं तेच बरं झालं.

आमच्याबरोबर जवळच्या गावातला एक तरुण वाटाड्या होता. तो म्हणाला, "मावशी, लांबचं राहू द्या. इथं खाली बसा." पायवाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर आम्ही बसलो. इंचभर मातीत निळ्या-जांभळ्या इवल्याशा फुलांचा थवा होता, सीतेची आसवं. त्यांच्यात गेंदाची पांढरी बोंडं, आणि पलीकडे पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके असलेला कवला. पोरं त्याला मिकी माउस म्हणतात.

मग त्यानं दवबिंदू नावाचं रोप दाखवलं. बारीक लालसर पान, त्यावर केसागणिक चकाकणारा थेंब. पण हे दव नव्हे, चिकट स्राव. एक चिलट त्यात अडकून पाय झाडत होतं. आत्या कळवळली. "काय करणार मावशी, जमिनीत खायला काही नाही," तो म्हणाला.

कासचं सगळं गुपित या एका वाक्यात आहे. खाली जांभ्याचा सलग कातळ, वर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात दगडाचा तवा होतो. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, आणि मातीत नत्र फारच कमी. म्हणून दवबिंदू पानावर किडे धरतो. सीतेच्या आसवांचं नाव हळवं आहे, पण तिच्याही मुळांसारख्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले बारीक जीव ओढून घेतात. वायतुरा कंदाच्या रूपानं मातीत दडून राहतो आणि पावसात दुहेरी तुरा काढतो. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. आम्ही गेलो ते तिचं वर्ष नव्हतं, पालथ्या टोपलीसारखी हिरवी झुडपं तेवढी दिसली. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे, ती या कंगाल जमिनीवर.

म्हणूनच फोटोसाठी तेरड्यात लोळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बोटभर मातीवर एक माणूस बसला की तिथे पुढच्या वर्षी काय उगवणार?

गुरांचा विषय आत्यानंच काढला. तिच्या आठवणीत पठारावर गुरं चरत. वाटाड्या म्हणाला, "आजोबा इथंच चारायचे. गुरांनी गवत खाल्लं की फुलांना उजेड मिळतो. गवत माजलं की फुलं दबतात." अभ्यासकांमध्येही यावर चर्चा चालू आहे. मला त्याचं म्हणणं पटलं, कारण ही जागा माणसाला वगळून घडलेली नाही.

पुढे कुमुदिनी तलावापर्यंत राजमार्गानं चालत गेलो. महाबळेश्वरकडे जाणारी ही जुनी वाट. दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा, मधून चवरीचे उंच तुरे, पायाखाली लाल चिखल. आत्याचे गुडघे दुखतात, तरी तिनं हात धरू दिला नाही. तलावाशी पोचलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं. बदामाच्या आकाराच्या पानांमधून कुमुदिनीची पांढरी फुलं वर आली होती, पिवळ्या गाभ्याची, पाकळ्यांना कापसासारखी लव. आम्ही तिघं काठावर गप्प बसून राहिलो. डबा उघडायचंही सुचलं नाही.

परतताना पुन्हा दाट धुकं. सकाळच्या जागी आत्या स्वतःहून थांबली, कमरेत वाकली आणि तेच पान शोधू लागली. बराच वेळ लागला. चिलट आता हलत नव्हतं, आणि पानाचं टोक त्याच्यावर वळायला लागलं होतं.