दिवाळी अंकांची सूची: पोस्टग्रेस आता एपीटीवर

सूचीचा सगळा डेटा आतापर्यंत जुन्या लॅपटॉपवर होता. उबुंटू १८.०४ हे लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस १० हा डेटाबेस, आणि तेही एंटरप्राइझडीबी या कंपनीच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमधून बसवलेलं. आता तो घरातल्या डेबियन १२ या लिनक्सच्या मिनी पीसीवर आला आहे. या वेळी पोस्टग्रेस १६ घेतलं ते पीजीडीजीच्या, म्हणजे पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या, एपीटी रेपॉझिटरीतून (एपीटी म्हणजे डेबियन-उबुंटूचा पॅकेज मॅनेजर, रेपॉझिटरी म्हणजे पॅकेजांचं भांडार). अंक, लेखक, अनुक्रमणिका, सगळं सुखरूप पोचलं. इन्स्टॉलर की पॅकेज, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिनक्सपुरतं एक आधीच सांगायला हवं. एंटरप्राइझडीबीने आवृत्ती ११ पासून लिनक्सचा ग्राफिकल इन्स्टॉलर देणं थांबवलं आणि वितरणाची पॅकेजं वापरा असं सुचवलं. म्हणजे तिथे १० हीच शेवटची, आणि तिचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. विंडोज आणि मॅकसाठी इन्स्टॉलर अजूनही निघतो, त्यामुळे तिथे प्रश्न खरा आहे.

इन्स्टॉलरमध्ये मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो विचारतो. डेटा कुठे ठेवायचा, पोर्ट कोणता, सुपरयुजरचा पासवर्ड काय, लोकेल (भाषा आणि क्रम लावण्याचे नियम) कोणतं, हे सगळं डोळ्यांसमोर येतं. नव्या माणसाला डेटाबेस म्हणजे नक्की काय काय असतं हे त्या चार-पाच खिडक्यांतून कळतं. एपीटी यातलं काहीच विचारत नाही. पॅकेज बसता बसताच 'मेन' नावाचा क्लस्टर (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस) तयार होऊन चालूही होतो, आणि लोकेल तो सिस्टिमचंच घेतो.

फरक खरा जाणवतो तो नंतर. इन्स्टॉलर सगळा संसार एका फोल्डरात मांडतो. माझ्याकडे ऑप्ट या सिस्टिम डिरेक्टरीतल्या पोस्टग्रेसएसक्यूएल फोल्डरात १० नावाची डिरेक्टरी होती आणि प्रोग्रॅम, डेटा, ओपनएसएसएलसारख्या लायब्ररी, सगळं तिच्यात. बघायला सुटसुटीत, पण त्या लायब्ररींची जबाबदारी सिस्टिमकडे नसते. उबुंटूने ओपनएसएसएलची सुरक्षा दुरुस्ती पाठवली तरी ऑप्टमधली प्रत जशीच्या तशी राहते. पोस्टग्रेसच्या मायनर आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात. इन्स्टॉलरवाल्याला दर वेळी नवी फाइल उतरवून पुन्हा चालवावी लागते. पॅकेजवाल्याचं ते काम नेहमीच्या अपग्रेडमध्ये उरकतं. घरचा सर्व्हर महिनोन्महिने कोणी उघडूनही बघत नाही, तेव्हा माझ्या मते एवढ्या एका कारणावर निर्णय होतो.

दोन्ही एकाच मशीनवर असतील तर गोंधळाची एक ठरलेली जागा आहे, आणि नवशिक्यांचे प्रश्न बहुतेक तिथूनच येतात. डेबियनचं पीएसक्यूएल (सर्व्हरशी बोलणारा कमांड-लाइन प्रोग्रॅम) युनिक्स सॉकेट, म्हणजे त्याच मशीनवरच्या जोडणीची फाइल, शोधतं व्हार-रन-पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये, तर इन्स्टॉलरचा सर्व्हर ते ठेवतो टेंपमध्ये. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, तरीही 'अशी फाइल नाही' असा एरर येतो. होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिला की जोडणी होते. शिवाय ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट आधीच अडलेला असेल तर डेबियनचा नवा क्लस्टर गुपचूप ५४३३ वर बसतो. कोणता क्लस्टर कुठल्या पोर्टवर आहे ते पीजी_एलएसक्लस्टर्स ही कमांड एका ओळीत दाखवते.

आता मुख्य मुद्दा. डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारात पोस्टग्रेस १५ आहे आणि ती उत्तम चालते. तरी मी पीजीडीजीकडे गेलो ते ळ साठी. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि त्याच्यामागे क्ष, ज्ञ. लोकेल 'सी' ठेवलं तर यादी थेट तक्त्याच्या क्रमाने लागते: 'क्ष'ने सुरू होणारी नावं 'क'च्या गठ्ठ्यात जातात आणि 'काळे' 'कावळे'च्या आधी येतात. छापील सूची चाळणाऱ्या वाचकाला हे खटकणारच. पोस्टग्रेस १६ मध्ये आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) कोलेशनला, म्हणजे क्रम लावण्याच्या पद्धतीला, स्वतःचे नियम जोडता येतात, १५ मध्ये ती सोय नाही. माझा नियम इतकाच आहे, ह नंतर ओळीने ळ, क्ष आणि ज्ञ:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

क्रिएट कोलेशनमध्ये प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल मराठीचं, आणि रूल्समध्ये ही ओळ. लेखकाच्या आडनावाच्या कॉलमला हे कोलेशन लावलं की ऑर्डर बाय वर्णमालेप्रमाणे चालतं. एवढी वर्षं अनुप्रयोगात क्रमांकांचा जादा कॉलम ठेवून जे साधलं होतं ते आता डेटाबेसच करतो. हे बघून जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे.

याच ठिकाणी पॅकेजची एक जोखीमही ध्यानात ठेवा. डेबियनवरचं पोस्टग्रेस सिस्टिमची आयसीयू वापरतं. उद्या डेबियन पुढच्या आवृत्तीवर नेलं की आयसीयू बदलेल आणि क्रमाचे मूळ नियमही किंचित बदलू शकतील. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स (झटपट शोधासाठी डेटाबेसने ठेवलेल्या याद्या) तेव्हा चुकीचे ठरतात. पोस्टग्रेस कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतं. तो दिसला की आधी रीइंडेक्स, मगच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन. हा क्रम उलटा केला तर इशारा जातो आणि बिघाड मात्र राहतो. विंडोजचा इन्स्टॉलर स्वतःची आयसीयू बरोबर आणतो, त्यामुळे तिथे सिस्टिमच्या अपडेटने हा प्रश्न उभा राहत नाही. इन्स्टॉलरच्या बाजूने हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो.

स्थलांतरात डेटा डिरेक्टरी उचलून नेण्याचा विचार कोणी करू नये. मेजर आवृत्ती बदलते म्हणून ते तसंही चालणार नाही, पण पीजी_अपग्रेड या आवृत्ती बदलणाऱ्या प्रोग्रॅमने नेलं तरी जुने इंडेक्स जसेच्या तसे येतात. उबुंटू १८.०४ मधली जीलिबसी, म्हणजे सिस्टिमचे क्रमाचे नियम पुरवणारी सी लायब्ररी, २.२७. पुढच्याच २.२८ मध्ये तिचे क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि त्या काळात पुष्कळ लोकांचे मजकुरावरचे इंडेक्स बिघडले. म्हणून मी १६ च्या पीजी_डंपने जुन्या सर्व्हरमधून डंप (सगळा डेटा फाइलमध्ये) घेतला आणि नव्यात भरला. यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. डंप नेहमी नव्या आवृत्तीच्या प्रोग्रॅमने घ्यायचा.

पीजीडीजी जोडणाऱ्यांनी एक करा. नुसतं 'पोस्टग्रेसएसक्यूएल' पॅकेज न मागता 'पोस्टग्रेसएसक्यूएल-१६' असं आकड्यासह मागा. नुसतं नाव हे सगळ्यात नव्या मेजर आवृत्तीकडे बोट दाखवतं. पुढच्या अपग्रेडला नवी आवृत्ती आणि तिचा रिकामा क्लस्टर शेजारी येऊन बसतो. तुमचा डेटा जुन्यातच असतो, पण पाहणाऱ्याचा जीव उगाच घाबरा होतो. आणि पॅकेज बसवण्याआधी क्रिएटक्लस्टर डॉट कॉन्फमध्ये आपोआप क्लस्टर बनवणं बंद केलं, तर पीजी_क्रिएटक्लस्टरने लोकेल आपल्या मनासारखं देता येतं. इन्स्टॉलरच्या खिडकीत जे विचारलं जातं ते सगळं इथेही हातात येतं, फक्त मागावं लागतं.

नोंदी भरायला मदत करणारे एक काका विंडोजवर आहेत. त्यांना मी बेधडक इन्स्टॉलरच सुचवला. पीजीॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं ग्राफिकल साधन बरोबर येतं, सेवा आपोआप सुरू होते. विंगेट तिथे नावाला पॅकेज मॅनेजर आहे, पण पोस्टग्रेससाठी आतून तोच इन्स्टॉलर चालवतो, त्यामुळे निवड अशी उरत नाही. फक्त कोणाला पीजीव्हेक्टरसारखं एक्स्टेन्शन हवं असेल तर विंडोजवर ते व्हिज्युअल स्टुडिओने बांधावं लागतं. पीजीडीजीवर ते तयार पॅकेज म्हणून मिळतं.

मॅकवाल्यांनी होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून पोस्टग्रेस घेतलं तर आकडा लावलेलं घ्यावं, आणि तिथे सुपरयुजरचं नाव 'पोस्टग्रेस' नसून तुमचं लॉगिन असतं हे लक्षात ठेवावं.

बाकी राहिलेली कामं: आपोआप अपग्रेडच्या यादीत पीजीडीजी घालायचं आहे, कारण डेबियन ते स्वतःहून घेत नाही. अपग्रेडने सर्व्हर रीस्टार्ट होतो, तेव्हा वेळ पहाटेची ठेवेन. जुन्या लॅपटॉपवरचं १० मी अनइन्स्टॉलरने काढलं आहे. तो डेटा डिरेक्टरी मुद्दाम मागे ठेवतो, आणि नव्या डंपमधून एकदा पूर्ण रिस्टोर करून पाहीपर्यंत ती तशीच राहू देणार आहे.