बोर्ड तोच, प्रोसेसर नवा

आमचा डेस्कटॉप २०१८च्या दिवाळीतला. एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी. ताई पाककृतींचे व्हिडिओ करते आणि एडिटिंग माझ्या गळ्यात पडलंय. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, लावला की मशीन दुसऱ्या कशाला हात लावू देत नसे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११च्या यादीत २२००जी नाहीच.

पैसे काढण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बसलो. एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसरचे चारही थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) शंभर टक्क्यांवर, एसएसडी डिस्क मात्र आरामात. दुखणं प्रोसेसरचंच होतं.

मग बुधवार पेठ, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथे गाडी लावायला जागा मिळाली की अर्धं काम झालंच म्हणायचं. दुकानदार म्हणाला, "काका, एवढं जुनं कशाला सांभाळताय? सगळंच बदला." एएम५ या नव्या सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच) जायचं तर नवा बोर्ड, नवी डीडीआर५ रॅम, जुनी डीडीआर४ त्यात बसत नाही. माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटची गंमत अशी, की २०१७पासूनच्या त्याच खाचेत ५००० मालिकेचे रायझनही बसतात. मी कोटेशन घडी करून खिशात ठेवलं आणि घरी आलो.

मनात रायझन ५ ५६०० होता. सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी). पण त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, आणि माझा मॉनिटर थेट बोर्डालाच जोडलेला. म्हणजे वेगळं कार्ड आलं, कदाचित नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायही. ५७००एक्सला आठ कोअर, पण तिथेही ग्राफिक्स नाही, शिवाय खोक्यात कूलरही नाही. उरला ५६००जी. कोअर-थ्रेड ५६००इतकेच, कॅश निम्मी, पण ग्राफिक्स आत, आणि ६५ वॉटच, म्हणजे जुन्याइतकाच. तो पीसीआयई ३.०वर (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायच्या वाटेची जुनी पिढी) अडतो म्हणून लोक नाकं मुरडतात. माझा बोर्डच ३.०चा, मला काय फरक पडणार? तोच घेतला, आणि सोबत सारख्या दोन पट्ट्यांची सोळा जीबी रॅम. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन पट्ट्या जोडीने चालवण्यात, कंजूषपणा नको.

बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, बहुतेक बोर्डांवर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करावं लागतं. बायोस जुनं असेल तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जायचा, म्हणून गुरुवार टाळला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारीच, पुणेकरांना कारण सांगायला नको. यूपीएस होता तरी टाळला.

खरी धाकधूक कूलर काढताना. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, तब्बल १३३१, आणि प्रोसेसर-कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी वर्षानुवर्षांची पेस्ट वाळून सिमेंटसारखी झालेली. कूलर सरळ वर ओढला तर लॉक असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी एक एक्स्पोर्ट लावून मशीन चांगलं तापवलं, बंद करून वायर काढली, स्क्रू सोडवले आणि कूलर अलगद डावी-उजवीकडे पिळत राहिलो. 'चिक्' असा आवाज आला आणि तो सुटला. प्रोसेसर जागच्या जागी. नव्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, बस्स.

पहिल्यांदा सुरू करताच काळ्या पडद्यावर प्रश्न: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रिसेट करू का? बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेला असेल तर 'हो' म्हणण्याआधी रिकव्हरी की हाताशी हवी. माझ्याकडे तो नव्हता, वाय दाबलं. विंडोज जुन्याच लायसनवर उठलं, आणि ११चं अपग्रेडही निमूट झालं.

आता एक्स्पोर्ट चालू असताना ब्राउझर उघडता येतो, ताईचे फोनही कमी झालेत. एकच गोष्ट सहज सुटते: बायोस अपडेटने जुनी सेटिंग्ज पुसली जातात, त्यामुळे रॅम आपल्या खऱ्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा खरा वेग देणारं सेटिंग, पुन्हा चालू करायचं आणि टास्क मॅनेजरमध्ये वेग बघून खात्री करायची.