तळाची श्रेणी

कंपनीचे नाव जितके मोठे, तितकी आतली मरगळ बाहेर दिसायला वेळ लागतो, असे माझे मत एका नावाजलेल्या कंपनीत काही वर्षे काढल्यावर बनले. तिथे दरवर्षीच्या मूल्यमापनात प्रत्येक गटातल्या ठरावीक लोकांना तळाची श्रेणी द्यावीच लागे. सगळेच कामसू असले तरी कोणाचा तरी बळी ठरलेलाच असे. माझा एक सहकारी, एरवी अतिशय मनमिळाऊ, मूल्यमापनाच्या आधीच्या महिन्यात स्वतःच्या टिपणांच्या फाइलला पासवर्ड घालू लागला आणि त्याचा राग येण्याऐवजी मीही गुपचूप तेच केले.

जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी विभागणी रूढ केली. मायक्रोसॉफ्टनेही अशीच उतरंड बराच काळ चालवून नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली.

उमेदवार हल्ली नोकरी स्वीकारण्यापूर्वी आतल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन करतात. त्या पाच मिनिटांत जे कळते, ते भरतीच्या जाहिरातींवर कितीही खर्च केला तरी पुसता येत नाही. मात्र नोकरी सोडताना मनुष्यबळ विभागाने कारण विचारले, तेव्हा मी ‘वैयक्तिक’ एवढेच लिहिले, कारण अनुभवपत्र त्यांच्याकडूनच मिळायचे होते.