आमची वाटचाल : लेबलावरच्या ओळी कमी होत गेल्या

आम्ही सुरुवात केली ती नारळ फोडायला एक माणूस, किसायचं एक यंत्र, वाळवायला एक भट्टी आणि हाताने फिरवायचा एक घाणा एवढ्यावर. मी आणि माझे यजमान. माल दोनच प्रकारचा : सुक्या खोबऱ्याचा कीस आणि खोबरेल. अनुभव काहीच नव्हता, पण लेबल मात्र झोकात होतं. वजन घटतं, थायरॉइडवर गुणकारी, स्मरणशक्ती वाढते, कोलेस्ट्रॉलमुक्त... अशा सात ओळी होत्या. कुठून आणल्या? इतरांच्या बाटल्यांवरून, दुसरं कुठून!

माझी नणंद आहारतज्ज्ञ आहे. पहिली बाटली कौतुकाने तिच्या हातात दिली, तर तिने पर्समधून पेनच काढलं. म्हणाली, "वहिनी, कोलेस्ट्रॉल प्राण्यांच्या चरबीत असतं. वनस्पतींच्या तेलात ते नावालाही सापडत नाही. मग यात तुमचं कर्तृत्व काय?" गंमत म्हणजे खोबरेलात कोलेस्ट्रॉल नसलं, तरी त्यातल्या स्निग्धांशापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो आणि रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढवायला तो पुरेसा आहे. ती ओळ त्याच दिवशी गेली.

वजनाच्या ओळीवरून मी बरेच दिवस भांडले. अभ्यास झालेत असं माझं म्हणणं. झालेत, पण ते बहुतेक आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांचं (मेदाम्लं म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या कार्बनच्या साखळ्या) वेगळं काढलेलं तेल वापरून. साध्या खोबरेलात ही दोन्ही मिळून फार तर पंधरा टक्क्यांच्या घरात. जवळपास निम्मं असतं ते लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं. नाव त्याचं 'मध्यम साखळी'त घेतात, पण शरीरात ते बरंचसं लांब साखळीच्या मेदाम्लांच्याच वाटेने जातं. म्हणजे अभ्यास एका तेलाचा आणि बाटली दुसऱ्याची.

पुढे 2020 मध्ये 16 चाचण्या एकत्र पाहणारा एक आढावा आला. उष्ण कटिबंधाबाहेरच्या वनस्पती तेलांच्या (सूर्यफूल, सोयाबीन वगैरे) तुलनेत खोबरेलाने वाईट कोलेस्ट्रॉल डेसिलिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम वाढलं, चांगलंही वाढलं, पण सुमारे 4. त्यानंतर 'हृदयासाठी उत्तम' ही ओळ आमची आम्हीच खोडली. एका जुन्या ग्राहकांना ते मुळीच पटलं नाही. पॅसिफिकमधल्या तोकेलाऊच्या लोकांना निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातून मिळायचे, तरी त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळायचा, हे काय मग? दाखला खरा आहे, 1981 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण ती माणसं अख्खं खोबरं खायची, तंतूंसकट, जोडीला मासे, आणि साखर नाममात्र. शिवाय पॅसिफिकमधल्याच पुकापुका बेटावर नारळ कमी खाल्ला जायचा आणि तिथल्यापेक्षा तोकेलाऊकरांचं कोलेस्ट्रॉल जास्तच होतं. यातून चमचाभर तेल पिण्याची शिफारस निघत नाही. काका रागावले खरे, पण माल अजून आमच्याकडूनच नेतात.

एवढं शहाणपण लेबलाबाबत येत होतं तेव्हा मालाने मात्र दगा दिला. दुसऱ्या वर्षी कीस परत यायला लागला, "साबणासारखा लागतो" म्हणून. मला वाटलं, कोणी भांडी नीट विसळली नाहीत. कारण वेगळंच होतं. भट्टी बिघडली म्हणून ओला कीस रात्रभर तसाच राहिला होता. ओलाव्यावर बुरशी वाढते, तिची विकरं तेलाचे तुकडे करतात, लॉरिक आम्ल सुटं होतं. साबणाला तीच चव असते. तेव्हापासून नियम केला : फोडलेला नारळ त्याच दिवशी वाळला पाहिजे, तेही ओलावा तीन टक्क्यांवर येईपर्यंत. आणि वाळवण्याआधी वाफ द्यायचीच. ऑस्ट्रेलियात 1953 साली विषमज्वराची साथ आली होती, तिचा माग सुक्या खोबऱ्याच्या किसापर्यंत गेला होता. हे वाचल्यावर वाफेच्या यंत्राचा खर्च मला जड वाटला नाही. (यजमानांना वाटला.)

मधे नारळपाणी भरून विकायचा उद्योग केला आणि हात पोळून घेतले. नारळ फोडेपर्यंत आतलं पाणी निर्जंतुक असतं, हवा लागली की उतरणीला लागतं. आमचं कधी गुलाबी झालं, कधी आंबलं. पण ते बंद केलं त्यामागे एक फोनही होता. एक बाई होत्या, त्यांच्या यजमानांचं डायलिसिस चालू होतं; त्या विचारत होत्या, दिवसाला किती बाटल्या द्याव्यात? आम्ही बाटलीवर 'मूत्रपिंडांना हितकारक' असं लिहिलं होतं. नारळपाण्यात 100 ग्रॅममागे सुमारे 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलंच. डायलिसिसच्या रुग्णात ते साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. "एकही देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा," एवढंच मला बोलता आलं. फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते.

आता आम्ही अकरा जण आहोत. तेल काढल्यावर उरलेला चोथा पूर्वी फेकायचो; तो वाळवून दळतो, तंतू भरपूर असल्यामुळे त्याला मागणी आहे. लेबलावर दावा एकही नाही, आकडे आहेत. ओल्या खोबऱ्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 354 किलोकॅलरी, स्निग्धांश 33 ग्रॅम, त्यातला संपृक्त जवळपास 30, तंतू 9, प्रथिनं जेमतेम 3. मँगनीज दीडेक मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त, पण त्याबद्दल आजवर कोणीही विचारलेलं नाही. सुक्या किसावर 660 किलोकॅलरी लिहिलेलं पाहून मात्र हमखास विचारतात, "वाळवल्यावर जोर वाढतो का हो?" वाढत काही नाही, पाणी उडतं; किलोभर ओल्या खोबऱ्याचा कीस जेमतेम अर्धा किलो भरतो.

नवं लेबल छापायला दिलं तेव्हा छापखानेवाल्यांनी विचारलं, इतकी जागा रिकामी राहतेय, काही टाकायचं का? आम्ही म्हटलं, अक्षरं मोठी करा.