आक्कांच्या ओळी

अथणी तालुक्यात, जतच्या हद्दीला लागून आक्कांच्या रानात आमचं हरभऱ्याचं प्रात्यक्षिक होतं. काळं रान, पीक सगळं परतीच्या पावसाच्या ओलीवर. वरचा थर सुकायच्या आत मुळी खाली गेली तरच रोप तगतं. म्हणून जेजी-11 या वाणाचं बी 2 टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात (लिटरला 20 ग्रॅम) अर्धा तास भिजवायचं, सात तास सावलीत सुकवायचं, मग पेरायचं. निम्मं रान असं, निम्मं कोरड्या बियाचं. पत्रक कन्नडात, समजावणी मराठीत.

खरं काम सुकवण्यात आहे. उन्हात टाकलं की टरफल सुटतं. ओलं राहिलं तर पेरणीच्या चाड्यातून सरकत नाही, कुरीच्या (पाभरीच्या) नळीत अडकतं आणि ओळीत खाडे पडतात. मी मूठ भरून कानाशी हलवून बघतो. कोरडा आवाज आला की पुरे. मग गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियमचं जिवाणूखत, तेही हलक्या हातानं. जोरात चोळलं की बियाची डाळ होते. ऑफिसात मात्र एकच प्रश्न : "भिजवलं ना?"

उगवण मोजायला गेलो तर बांधाकडच्या काही ओळी औषधाच्या (कॅल्शियमच्या) बियासारख्याच लवकर आणि एकसारख्या उगवलेल्या. नकाशात तिथं कोरडं बी.

"आक्का, इथं औषधाचं बी पडलंय काय?"

"न्हाई ओ सायेब. तुमची पुडी संपली. मग मटकी भिजवतोय तसं रातभर साध्या पाण्यात घातलं, सकाळी सावलीला पसरलं. का, चुकलं काय?"

वरिष्ठांना फोन केला. म्हणाले, "उपचारितमध्ये धरा, आकडा चांगला दिसेल." फॉर्मला रकानेच दोन. मी त्या ओळी दोन्हीकडून वगळल्या. त्यांना ते आवडलं नाही.

बांगलादेशातल्या बरिंद भागात हरभरा असाच रात्रभर, आठेक तास साध्या पाण्यात भिजवून पेरायची पद्धत तपासली गेली आहे, हे मला ठाऊक होतं. मोड बाहेर पडायच्या आत बी सुकवलं तर उगवणीची आतली सुरुवात वाया जात नाही. रानात ओल मिळाली की काम पुढं चालू. मग आमच्याकडं गुण कुणाचा, क्षाराचा की पाण्याचा? आमचा अर्धा तास, त्यांची रात्र, हाही फरक आहेच. बांधाकडेला ओल जास्त होती असंही असेल. शिवाय लवकर उगवणं म्हणजे पाण्याचा ताण सोसणं नव्हे. खरी परीक्षा घाटे भरताना, भुईला भेगा पडल्यावर. तेव्हा मोजायला आम्हाला कुणी पाठवत नाही. उगवणीचा फोटो गेला की प्रवासभत्ता बंद.

यंदा तीन पट्टे मागितलेत : कोरडं, साधं पाणी, कॅल्शियम, भिजवण सारखीच, आणि मोजणी थेट काढणीपर्यंत. ऑफिसनं दोनच मंजूर केले. तिसऱ्याला आक्का रान द्यायला तयार आहेत, पण बियाण्याची पिशवी आधी हातात पाहिजे म्हणतात.