बटाट्याच्या शेतातला पडदा : सेंटर, कोलोरॅडो

आई साताऱ्याहून आली की तिला डोंगर दाखवायचे, हे आमचं ठरलेलं. या जूनमध्ये डोंगर ओलांडून पलीकडे गेलो. डेन्वरहून २८५ नंबरचा रस्ता धरायचा, केनोशा, पाँचा असे घाट चढून उतरायचे की सॅन लुईस व्हॅली उघडते. सपाट, कोरडी, साडेसात हजार फुटांवर. मधे बटाट्याची शेतं. साधारण साडेतीन-चार तास लागतात.

सवाच (Saguache) गाव सोडल्यावर काही वेळाने मोकळ्या रानात एक भलामोठा पांढरा पडदा उभा दिसतो. हे सेंटर गावाजवळचं फ्रंटियर ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायचं उघड्यावरचं थिएटर. १९५५ साली सुरू झालं, १९८०च्या दशकाच्या मध्यात बंद पडलं. पुढे कितीतरी वर्षं पडदा नुसता वारा खात उभा होता. आता तिथे छोटं हॉटेल झालंय, पत्र्याच्या खोल्या आणि गोल युर्त तंबू. पडदा मात्र जुनाच, डागडुजी केलेला.

ड्राइव्ह-इनची कल्पना न्यू जर्सीच्या रिचर्ड हॉलिंग्सहेड यांची. घराच्या अंगणात झाडांना चादर बांधली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, आणि पाऊस आला तर कसं दिसेल हे बघायला गाडीवर पाण्याचा फवारा सोडला! ६ जून १९३३ला कॅम्डनजवळ पहिलं थिएटर उघडलं. त्यांची खरी करामत जमिनीत होती. गाडीचं नाक वर राहावं म्हणून मातीचे ओळीने उंचवटे, म्हणजे पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. जुन्या ड्राइव्ह-इनच्या जागेवर गेलात तर आधी पायाखाली बघा. बाकी सगळं गेलं तरी हे वरंबे ओळखू येतात.

१९५८च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती. मग घरोघरी रंगीत टीव्ही आला, पुढे व्हिडिओ. १९६७पासून उन्हाळ्यात घड्याळं सरसकट एक तास पुढे जाऊ लागली, त्यामुळे अंधार उशिरा पडायचा आणि सकाळी कामावर जाणारा माणूस खेळाला येईना. शहरांजवळ जमिनीचे भाव चढले, तिथे दुकानं उभी राहिली. इथे तसं काही झालं नाही. माझा अंदाज असा की पडदा पाडून त्या जागेचं करायचं काय, हाच प्रश्न असेल. म्हणून तो वाचला.

साडेआठच्या आसपास सूर्य मावळला. खेळ नऊनंतर. आईने शालीवर शाल घेतली आणि विचारलं, "इथे बायकांची बाजू कुठली?" तिच्या लहानपणी जत्रेतल्या तंबू थिएटरात मधे दोरी असायची, एकीकडे बाप्ये, एकीकडे बाया. सिनेमापेक्षा तिला मागचं आकाश आवडलं. मध्यंतरी मी झोपलो, ती जागी होती.

जाणाऱ्यांसाठी: जूनमध्येसुद्धा जाड जाकीट हवंच, दुपारी घाम आणि रात्री हुडहुडी. पहिल्या दिवशी उंचीमुळे डोकं धरतं; पाणी पीत राहा, आईवडील बरोबर असतील तर वाटेत एक मुक्काम करा. पेट्रोल पाँचा स्प्रिंग्जलाच भरून घ्या. शाकाहारी असाल तर हिरव्या मिरचीची ग्रेव्ही बघून भुलू नका, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारा. आमचे धपाटे आणि लसणाची चटणी दोन दिवस पुरली. सिनेमा कोणत्या रात्री आहे हे निघण्याआधी फोन करून विचारा. आम्ही पहिल्यांदा न विचारता निघालो होतो, अर्ध्या वाटेतून परत फिरलो.

तसंच पुढे अर्ध्या तासाच्या आत माँटे व्हिस्टा. तिथे जॉर्ज केलॉफ यांनी १९५५मध्येच ड्राइव्ह-इन काढलं आणि १९६४ साली पडद्याकडे तोंड करून मोटेल बांधलं. खोलीतल्या पलंगावर पडून खिडकीतून सिनेमा, आवाज खोलीतल्याच स्पीकरमधून. दोन्ही जागा एकाच फेरीत होतात.

ग्रेट सँड ड्यून्सला, म्हणजे तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर, जाणार असाल तर पहाटे जा. दुपारी वाळू पाय भाजते, आणि जूनमध्ये तिथले डास आपल्या कोयनेच्या डासांनाही लाजवतात.