काकाजींची गोळी आणि सोयाबीनचा फवारा

काकाजी रोज इट्राकोनॅझोल घेतात. आमच्या कृषी केंद्रातून हंगामात पेट्यांनी जातं ते टेब्युकोनॅझोल. एक माणसाचं औषध, एक पिकाचं, पण दोन्ही बुरशीवरच्या अ‍ॅझोल गटातलीच. मायक्रोबायोलॉजी शिकून मी दुकानात बसते, म्हणून ही गोष्ट मला सारखी टोचते.

काकाजींचा टीबी कधीच बरा झाला, पण फुप्फुसात पोकळी राहिली आणि तिथं अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीनं बस्तान मांडलं. ती असते उकंड्यात, ओल्या कुटारात. परतीच्या पावसानं गंजी खालून भिजली की दाताळं घातल्याबरोबर गरम वाफ अंगावर येते आणि राखाडी-हिरवी भुकटी उडते. त्यातला एकेक बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारा. गंजीतल्या ५० अंशांत तग धरणाऱ्या बुरशीला आपल्या अंगातले ३७ अंश काय करणार?

बीजाणूवर पाणी न धरणारं प्रथिनांचं कवच असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो लवकर ओळखूच येत नाही. त्याखाली मेलॅनिन. पेशीनं बीजाणू गिळला तरी त्याला मारणारं आम्ल हे मेलॅनिन नीट तयार होऊ देत नाही. धडधाकट माणसाच्या पेशी तरीही त्याला पुरून उरतात. जखमी फुप्फुस, स्टेरॉइड, केमो असेल तिथं मात्र बुरशीचं फावतं.

मग उरतं औषध. अ‍ॅझोल बुरशीचं एक एन्झाइम अडवतं. पण काही बुरश्यांत त्या एन्झाइमच्या जनुकात असे बदल झालेत की एन्झाइम जास्त बनतं आणि औषध त्याला धड चिकटतही नाही. भारतात २०१२ मध्ये याची नोंद झाली, रुग्णांत आणि मातीतही. शेतातल्या अ‍ॅझोल फवाऱ्यांशी याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या धोकादायक बुरश्यांच्या यादीत ही बुरशी सर्वात वरच्या गटात आहे.

आमच्याकडे दाणा टपोरा भरावा म्हणून रोग नसतानाही टेब्युकोनॅझोल-सल्फर मारतात. "ताई, शेजाऱ्यानं मारलं, मलेही द्या," असं कोणी म्हणालं की मी आधी झाड उपटून आणायला सांगते. पानावर ठिपके किंवा शेंगेवर करपा दिसला तरच पुडा देते. बाबा म्हणतात, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल. जाऊ दे. काकाजींची गोळी लागू पडेनाशी झाली तर पुढची व्होरिकोनॅझोलही त्याच गटातली, आणि दुसऱ्या गटातलं अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून द्यावं लागतं, त्यासाठी नागपूरला भरती व्हावं लागेल.